चूक त्या पोरांची होती, म्हणून मरू द्यायचं?

रुळांवरच्या मुलांची ती गोष्ट पुन्हा मोबाइलवर फिरायला लागलीय. ज्यांच्यापर्यंत पोचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शेजारी शेजारी दोन रूळ, एक चालू आणि एक बंद पडलेला. चालू रुळावर बरीच मुलं खेळतायत, बंद रुळावर एकटाच मुलगा. गाडी येतेय आणि सांधा बदलायचा दांडा तुमच्या हातात आहे. बहुतेक लोक म्हणतात, गाडी बंद रुळावर वळवू, एक जाईल पण बाकीची वाचतील. यावर गोष्ट तुम्हाला खडसावते: तो एकटा मुलगाच शहाणा होता, त्याने सुरक्षित जागा निवडली होती. चुकणाऱ्या घोळक्यासाठी त्याचा बळी का? शिवाय घोळक्यातली मुलं गाडीचा आवाज ऐकून पळालीच असती. आणि बंद रूळ धोक्याचा, त्यावर गाडी घातली असती तर ती उलटून शेकडो प्रवासी मेले असते. शेवटी तात्पर्य, लोकांना पटतं ते बरोबर असतंच असं नाही.

माझी बहीण पाचोऱ्याला असते. तिच्या मुलाच्या शाळेत ही गोष्ट परिपाठात वाचून दाखवली. नववीतलं पोर रात्री फोनवर मला विचारतं, "मामा, चूक त्यास्नीच व्हती ना?" त्याच्या आवाजात जराही शंका नव्हती. त्याला वाटत होतं, प्रश्न सुटला.

म्हणून सगळ्यात आधी तोच मुद्दा. बाकीचे किरकोळ आहेत.

ज्याची चूक त्याचा जीव स्वस्त, असं ही गोष्ट शिकवते. पाचोरा तालुक्यातल्या मुलाने तर हे अजिबात शिकू नये. 22 जानेवारी 2025 ला त्याच तालुक्यात, परधाडे स्टेशनाजवळ काय झालं? लखनौहून मुंबईला निघालेल्या पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली, कुणीतरी साखळी ओढली आणि घाबरलेले लोक खाली उतरले ते शेजारच्या रुळावर. समोरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. डझनभर माणसं गेली. त्यात पोटासाठी मुंबईला निघालेले मजूर होते, नेपाळचे लोक होते. रुळावर उतरायला नको होतं, हे खरंच. पण म्हणून त्यांच्या मरणाला "त्यांचीच चूक" म्हणून मोकळं व्हायचं? रेल्वेच्या म्हणण्याप्रमाणे कर्नाटकच्या चालकाने ब्रेक दाबले होते, वळणामुळे गाडी वेळेत थांबली नाही. समोर कोण दिसतंय, ते शहाणं की मूर्ख, हा विचार ब्रेक दाबताना कुणी करत नाही. करूही नये.

इथे तर मुलं आहेत. सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंच कृत्य गुन्हा ठरत नाही, असं आपला फौजदारी कायदा 1860 पासून सांगतोय. जिथे कायदा मुलाला साधा दंड करत नाही, तिथे मोबाइलवरची एक गोष्ट त्याला मृत्युदंड देते, आणि शाळेत टाळ्या पडतात.

मुलं पळाली असती, हे कुणी सांगितलं? परधाड्याला मोठी, धडधाकट माणसं होती. त्यांनाही पळता आलं नाही.

बंद रुळावर गाडी उलटेल, हे होऊ शकतं. पण मग गोष्ट स्वतःचंच म्हणणं खोडते. आधी म्हणते, जास्त जीव वाचवण्यासाठी एक जीव घेऊ नका, संख्या बघू नका. दोन ओळींनी म्हणते, बघा, शेकडो मेले असते. मोजायचं की नाही, एकदा ठरवा.

आणि रेल्वेत असा हवा तेव्हा ओढता येणारा दांडा कुणाच्या हातात नसतोच. माझे वडील, अण्णा, भुसावळ विभागात सिग्नलच्या केबिनवर लीव्हरमन होते. लहानपणी त्यांचा डबा घेऊन मी जायचो. लाल लीव्हर सिग्नलचे, काळे सांध्यांचे, निळे कुलुपाचे. घामाने पोलाद गंजू नये म्हणून हातात फडकं घेऊनच लीव्हर धरायचे, नुसत्या हाताने धरलेला अण्णांना खपायचा नाही. सिग्नल एकदा उतरवला, म्हणजे गाडीला वाट दिली, की त्या वाटेवरचा काळा लीव्हर जागचा हलत नाही, खालची यंत्रणाच त्याला अडकवून ठेवते. सांधा बदलायचा तर आधी सिग्नल पुन्हा लाल करावा लागतो. म्हणजे खऱ्या केबिनमध्ये पहिलं काम ठरलेलं असतं, गाडी थांबवायचं. रुळावर अडथळा असेल तर रेल्वेचा नियमही तोच. ब्रॉडगेजवर अडथळ्यापासून 600 मीटरवर एक फटाका सिग्नल, म्हणजे चाकाखाली फुटून चालकाला सावध करणारा फटाका, आणि 1200 मीटरवर तीन, दहा-दहा मीटरच्या अंतराने. ही गोष्ट लिहिणाऱ्याने गाडी थांबवायचा विचार कुठेच येऊ दिलेला नाही, कारण तो आला की त्याचं तात्पर्य उरत नाही. बंद रुळाचं म्हणाल, तर आमच्याकडची पाचोरा-जामनेर "पीजे" गाडी 2020 मध्ये बंद पडली. ती नॅरोगेज होती, दोन रुळांमध्ये 762 मिलिमीटर. मेन लाइन 1676. मेलगाडी तिच्यावर कोण वळवणार?

तरीही समजा, खरंच दोनच वाटा आहेत आणि थांबणं शक्य नाही. मग काय? याचं उत्तर शोधायला मोबाइल नको, भारतीय दंड संहितेचं 81 वं कलम काढा. 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तेच 19 वं आहे. त्यात उदाहरण दिलंय एका जहाजाच्या कप्तानाचं. स्वतःची काही चूक नसताना तो अशा पेचात सापडतो की जहाज थांबवण्याआधीच वीस-तीस प्रवाशांची एक होडी चिरडली जाणार. दिशा बदलली तर दुसरी होडी, जीत दोनच माणसं आहेत, तिला धडकायचा धोका. कदाचित ती वाचेलही. त्या दोघांना मारायचा हेतू नसेल, संकट खरंच तेवढं मोठं असेल आणि त्याने सद्भावनेने दिशा बदलली, तर तो गुन्हेगार नाही. हा कप्तान त्या दोघांचा बळी देत नाही. ते वाचले तर त्याला आनंदच होईल. बळी कशाला म्हणायचं ते 1884 च्या मिन्योनेट खटल्यात दिसतं. ते जहाज बुडालं, चौघे छोट्या होडीत भुकेले अडकले, आणि त्यांतल्या दोघांनी सतरा वर्षांच्या आजारी नोकर पोराला मारून खाण्याचं ठरवून टाकलं. मेलेल्या पोराशिवाय त्यांचं भागणार नव्हतं. इंग्लंडच्या न्यायालयाने त्याला खूनच म्हटलं.

या गोष्टीमागचं मूळ कोडं 1967 मध्ये फिलिपा फूट या तत्त्वज्ञ बाईंनी मांडलं. त्यात दोन्ही रुळांवर काम करणारी माणसंच होती, पाच इकडे, एक तिकडे. कुणाचीच चूक नव्हती. त्यांनी शेजारी दुसरा प्रसंग ठेवला होता: दंगल शमवण्यासाठी निरपराध माणसाला दोषी ठरवणारा न्यायाधीश. इथेही एकाच्या बदल्यात अनेक जीव वाचतात, पण हे आपल्याला पटत नाही. का पटत नाही, हा त्यांचा खरा प्रश्न. शहाणा मुलगा, मूर्ख घोळका ही भर नंतरच्या कुणाची तरी.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. "बहुसंख्यांच्या भल्यासाठी" म्हणत एखाद्याला चिरडतात, हे खोटं नाही. आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणी आणि अक्कलकुव्यात, सरदार सरोवराने 33 गावं बाधित झाली. मणिबेलीच्या आदिवासींना कुणी विचारून धरण बांधलं नाही. पण तिथे गाडी सुटलेली नव्हती, क्षणात ठरवायचं नव्हतं. वर्षानुवर्षं वेळ होता. विचारता आलं असतं, आधी जमीन देता आली असती, उंचीवर बोलता आलं असतं. तरी तेव्हाही "पर्याय नाही" हेच ऐकवलं गेलं. ही गोष्ट लिहिणाऱ्याला त्या एकाचा खरंच कळवळा असता, तर त्याने मणिबेलीचं नाव घेतलं असतं. त्याला फक्त घोळक्याला मूर्ख म्हणायचं होतं.

लोकांना पटतं ते बरोबर असतंच असं नाही, हे तात्पर्य ठीक. त्यासाठी पोरं मारायची गरज नव्हती.

शाळेतल्या सरांना माझी विनंती आहे. पाचोऱ्याची पोरं रोज रुळांच्या आसपास वावरतात. परिपाठात वाचायचंच असेल तर हे वाचा: रुळावर कुणी दिसलं तर आधी गेटमनला किंवा स्टेशनात सांगायचं, रेल्वेच्या 139 नंबरला फोन करायचा. गाडी जवळ आली असेल तर स्वतः रुळापासून लांब उभं राहून लाल कापड हलवायचं. कापड नसेल तर दोन्ही हात डोक्यावर सरळ उंच करायचे. लाल झेंडी हाताशी नसताना गाडी थांबवायची रेल्वेतली खूण तीच आहे आणि चालकाला ती कळते.