तीन सेंटच्या कागदी टेस्टचा तो मेसेज

तो मेसेज परत फिरायला लागलाय. १५ वर्षांच्या जॅक अँड्राका नावाच्या अमेरिकन पोराने ३ सेंटची कागदी पट्टी शोधली, ५ मिनिटात स्वादुपिंडाचा कॅन्सर पहिल्या स्टेजलाच १००% कळतो, पण औषध कंपन्यांनी ते दाबलं, तोवर सगळ्यांनी दरवर्षी सीए १९-९ ही रक्ताची टेस्ट करून घ्या.

पोरगा खरा आहे आणि बक्षीसही खरं, २०१२ ला इंटेलच्या सायन्स फेअरमध्ये ७५ हजार डॉलर मिळाले त्याला. शाळेतल्या मुलासाठी भारीच काम. पण १००% कशावरून? हजारो निरोगी माणसांवर ती पट्टी कधी तपासलीच नाही. शिवाय ती शोधते मेसोथेलिन नावाचं प्रथिन, ते अंडाशयाच्या कॅन्सरमध्येही वाढतं, मग पट्टी पॉझिटिव्ह आली तर शोधायचं कुठे?

"दाबलं" म्हणे. दाबलेला पोरगा २०१३ ला राष्ट्राध्यक्षांच्या भाषणाला मिशेल ओबामांचा पाहुणा म्हणून बसला होता! आणि अशी टेस्ट खरंच चालली असती तर कंपन्यांनी ती विकून पैसा छापला असता, लपवतील कशाला.

आता "सगळ्यांनी करा" हे बघू, खरी गडबड इथे आहे. अमेरिकेत वर्षाला लाखात साधारण १३ जणांना हा कॅन्सर होतो, आपल्याकडे त्याहून बराच कमी. समजा एखादी टेस्ट इतकी चांगली की १०० निरोगी लोकांत फक्त एकालाच चुकून पॉझिटिव्ह दाखवते, तरी लाखात हजार धडधाकट माणसं पॉझिटिव्ह येणार आणि खरे पेशंट १३, मग त्या हजारांचे सीटी, एंडोस्कोपी, सुई घालून बायोप्सी, आणि घरच्यांची झोप उडाली ती वेगळीच. म्हणूनच अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २०१९ ला परत सांगितलं, लक्षणं नाहीत, जास्त धोकाही नाही, तर स्क्रीनिंग नको.

आणि सीए १९-९ तर एवढी चांगलीही नाही. पित्तनळीत खडा अडकला, कावीळ झाली, स्वादुपिंडाला सूज आली तरी वाढते. गाठ लहान असताना बऱ्याचदा नॉर्मल येते, आणि शंभरातल्या ५-१० जणांच्या शरीरात ही टेस्ट मोजते तो पदार्थ जन्मतःच तयार होत नाही. उपचार लागू पडतायत का हे बघायला ठीक. पोटाच्या सोनोग्राफीवरही निर्धास्त राहू नका, स्वादुपिंड जठराच्या मागे असतं, गॅसमुळे नीट दिसत नाही.

मग लवकर सापडतच नाही का? सापडतो की, पण कुणात शोधायचं ते ठरवून. घरात दोन जवळच्या नातेवाइकांना झालाय किंवा बीआरसीए२ सारखा जनुकीय दोष आहे, अशांची दरवर्षी एमआरआय नाहीतर एंडोस्कोपिक सोनोग्राफी (तोंडातून नळी घालून आतून केलेली) करतात, आणि त्यात पहिल्या स्टेजचे कॅन्सर खरंच सापडलेत.

बाकीच्यांनी एवढं बघा: पन्नाशीनंतर नव्याने शुगर निघाली आणि वजन आपोआप उतरतंय, तर लोक उलट खुश होतात, डॉक्टरला सांगतच नाहीत. ते आधी सांगा, ती या कॅन्सरची खूण असू शकते. न दुखता कावीळ झाली तर झाडपाल्यात आठवडे घालवू नका.