खुलासा : क्लिप-ऑन नाइट व्हिजनने स्कोपची ताकद वाढत नाही

परभणी-हिंगोलीकडच्या शेतकरी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : बंदुकीवरच्या दिवसाच्या स्कोपला (नेमाच्या दुर्बिणीला) क्लिप-ऑन नाइट व्हिजन, म्हणजे अंधारात पाहायचं जोडयंत्र, लावलं की मिट्ट काळोखातही रानडुक्कर दुप्पट जवळ दिसतं, फक्त नेम नव्याने बसवावा लागतो. तिन्ही गोष्टी चुकीच्या.

हे यंत्र स्कोपच्या पुढच्या भिंगासमोर बसतं, डोळ्याकडे नाही. आतली नळी चांदण्यांचा अंधुक उजेड कैक पटींनी वाढवून बारीकशा पडद्यावर हिरवं किंवा पांढुरकं चित्र उमटवते. त्यामागचं भिंग किरण समांतर करून सोडतं, म्हणून स्कोपला ते दूरवरचंच दृश्य वाटतं. यंत्र स्वतः १ पटच दाखवतं. जवळ आणायचं काम स्कोपचं. तेही फार वाढवलं तर चित्र रवाळ होतं. नेमाची खूण स्कोपातच असते, त्यामुळे यंत्राची भिंगं नीट जुळलेली असतील तर नेम जागचा फारसा हलत नाही. आणि उजेडच नसेल तर वाढवायचं काय? तिथे इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचा, दिवा लागतो. उष्णता टिपणारं थर्मल यंत्र वेगळं.

हरभऱ्याच्या जागलीला एवढ्या खर्चाची गरज मला तरी दिसत नाही. शिवाय परवानगीशिवाय रानडुक्कर मारणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हे मेसेजवाल्याने सोयीस्कर गाळलंय.