आजोबांचं दान कसं जिरवावं?

तुमचे आजोबा गिरणीमालक होते, जाताना गोरगरिबांसाठी रुग्णालय बांधून गेले आणि आता विश्वस्ताची खुर्ची तुमच्या वाट्याला आली? अभिनंदन. वारसा जपणं अगदी सोपं आहे.

आधी पाटी बदला. ‘धर्मादाय’ बारीक, ‘मल्टिस्पेशालिटी’ ठळक.

कुणी दोराबजी टाटांचं नाव काढलं, तर विषय बदला. त्या गृहस्थांना व्यवहार कळत नव्हता. पत्नी मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, तर यांनी १९३२ साली जवळपास सगळी मालमत्ता ट्रस्टला देऊन टाकली, बायकोच्या दागिन्यांसकट. २४५ कॅरेटचा ज्युबिली हिरासुद्धा पुढे विकला गेला. १९४१ साली परळला टाटा मेमोरियल हे कर्करोगाचं रुग्णालय उभं राहिलं आणि नंतर तेही सरकारच्या स्वाधीन! (मूलबाळ नव्हतं, म्हणून जमलं असेल.)

आजोबांच्या ट्रस्ट डीडमध्ये, म्हणजे दानाच्या करारात, अटी असतील, तर ते कपाटात ठेवा आणि किल्ली हरवा. अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी मुंबईतल्या माहीमच्या कॉजवेसाठी, म्हणजे खाडीवरच्या रस्त्यासाठी, दीड लाखावर रुपये मोजले, ते टोल घ्यायचा नाही या अटीवर. तेही १८४५ च्या आधी. बाईंना पुढचं दिसलं असावं. नवऱ्याचा पैसा अफूच्या व्यापारातला होता, पण अट चोख!

आता मुख्य कौशल्य, डिपॉझिट. परवा आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींच्या नवऱ्याला छातीत कळ आली, म्हणून अशाच एका रुग्णालयात नेलं. काउंटरवरच्या मुलाने मान वर न करता विचारलं, “मेडिक्लेम?” नाही. “मग पन्नास हजार भरा.” १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि आणखी १० टक्के सवलतीत असतात ना, म्हटल्यावर त्याने सोशल वर्कर मॅडमच्या केबिनकडे बोट दाखवलं. मॅडम जेवायला. मॅडम आल्या, तर रेशनकार्ड कुठलं? केशरी? मग तहसीलदाराचा दाखला आणा. शनिवारी दुपारी! माणूस व्हीलचेअरवर घामाने भिजलेला, मावशी पदराने त्याचं कपाळ पुसतायत, आणि मॅडम सांगतात, “तसंही त्या कोट्यातली खाट शिल्लक नाही.” किती खाटा, किती भरल्या? रजिस्टर अकाउंट्सला असतं. अकाउंट्स सोमवारी उघडतं.

अहो, तातडीच्या पेशंटला आधी दाखल करून घ्यायचं, गरिबाकडे डिपॉझिट मागायचं नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली ठरवून दिलेल्या योजनेत लिहिलंय! बाकीच्या पेशंटांच्या बिलांतले २ टक्के गरिबांच्या निधीत टाकायचे, हेही लिहिलंय. ते पैसे कुठे जातात? वार्षिक अहवालाच्या गुळगुळीत कागदावर?

रुग्णालय आजोबांच्या पैशातलं, करात सूट धर्मादाय म्हणून. तुमचं त्यात काय आहे हो? खुर्ची आणि फीत कापतानाचा फोटो. रिकाम्या खाटांचा आकडा दारात लावायला कसली लाज वाटते? एक फळा आणि खडू पुरेल. ते जमणार नसेल, तर आजोबांचं नाव पाटीवरून उतरवा आणि स्वतःचं लावा. मरायला टेकलेल्या माणसाकडे डिपॉझिट मागायचं, तर तुमच्या नावावर मागा.