सोड्याने रंग बदललेलं कोकम भेसळीचं नसतं

रातांबे पिकायला लागले की तो निरोप पुन्हा फिरतो: "कोकम सरबतात चिमूटभर खायचा सोडा टाका. निळसर-हिरवट झालं तर समजा रंग मिसळलाय. अस्सल आमसूल पाण्यात लगेच रंग सोडत नाही. आणि हा रंग म्हणजे फळाच्या पेशींनी साठवलेला कचरा." मग रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरी आगळ (कोकमाचा दाट रस) करून विकणाऱ्या बायकांची उलटतपासणी सुरू होते.

आधी सोडा. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन या वनस्पतींतल्या नैसर्गिक रंगद्रव्यांच्या गटातला. आम्लात तो लाल राहतो, आम्लता उतरली की जांभळा-निळा होतो, पुढे हिरवट. सोडा पडल्यावर त्याने रंग बदलायलाच हवा! उलट बाजारातले बरेच कृत्रिम लाल रंग सोड्याला फारशी दाद देत नाहीत. म्हणजे निरोप पाळलात तर घरचं आगळ मोरीत ओताल आणि रंगवलेलं पाणी प्याल. अर्थात खऱ्या कोकमात थोडा रंग मिसळलेला असेल तर तेही सोड्याने कळणार नाही. ते काम प्रयोगशाळेचं.

आता रंग सुटण्याचं. फळाच्या पेशीत रंग आणि आंबटपणा एकाच जागी असतात, रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसाने भरलेल्या पिशवीत. तिच्या आवरणातले पंप आम्लता आणणारे हायड्रोजन आयन सतत आत ढकलतात, त्यामुळे बाहेरचा पेशीरस जवळपास उदासीन असला तरी आतला रस आम्लधर्मी राहतो. लिंबात तर त्याचा सामू (pH; जितका कमी तितकं जास्त आम्ल) अडीचच्या आसपास उतरतो. पेशी जिवंत आहे तोवर हे आवरण रंग धरून ठेवतं. आपण सालं कापतो, मीठ लावतो, फळाच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवतो. इतक्या छळानंतर कुठलं आवरण शाबूत राहणार? वर सुकलेला रसही असतोच. पाणी लागताच रंग सुटणारच.

राहिला कचरा. नको असलेली द्रव्यं रिक्तिकेत जातात, एवढं खरं. पण वाढ झालेल्या वनस्पती पेशीचा ८०-९० टक्के भाग तीच व्यापू शकते, आणि तिच्यातल्या पाण्याच्या दाबावर कोवळं पान ताठ राहतं. बुरशीतही ती साठवण करते आणि जुने भाग मोडून पुन्हा वापरायला देते. जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमींनी उपाशी ठेवलेल्या यीस्टच्या (तीही बुरशीच) रिक्तिकेतच हे मोडकाम पाहिलं. त्या संशोधनाला २०१६चं नोबेल मिळालं.