पान भिजवलंच नाही

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आमच्या रविवारच्या बैठकीत एका कवितेवर पाऊण तास चर्चा झाली, हे मी मागच्या लेखात अभिमानाने लिहिलं होतं. त्यावर तुम्ही विचारलंत, ‘१९ वर्षांची पोर पहिल्यांदा चारचौघांत वाचते आणि तुम्ही चिरफाड करता? नुसतं छान म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?’

त्या मुलीच्या बाबतीत आमचं चुकलं. चौघंजण एकदम बोलत होतो. तिला काय विचारायचंय, काय ऐकायचंय, याची कुणी चौकशीच केली नाही. पुढच्या रविवारी ती आली नाही. हे मी लेखात लिहायचं टाळलं, तेही चुकलंच.

पण ‘नुसतं छान’ मला अजूनही पटत नाही.

माझी पहिली गोष्ट मी सोलापुरात कन्ना चौकाजवळच्या एका घरात अशीच दहा-बारा माणसांसमोर वाचली होती. विडी वळणाऱ्या बाईची गोष्ट. मी शहराच्या पूर्वभागात वाढलेला. आमच्या गल्लीत दर दुसऱ्या उंबऱ्यावर मांडीवर सूप घेऊन कुणीतरी विड्या वळत बसलेलं असायचंच. त्यामुळे मला सगळं ठाऊक आहे, अशी खात्री होती. वाचून झालं. पाच-सहा जण ‘अप्रतिम’ म्हणाले. मग भिंतीला टेकून बसलेल्या एक मावशी बोलल्या. त्यांचं आयुष्य विड्या वळण्यातच गेलेलं. “तुमच्या बाईनं पान भिजवलंच नाही की. कोरडं पान वळाय घेतलं तर चिरतंय. रात्रीच भिजवून फडक्यात गुंडाळून ठेवावं लागतंय.”

गोष्ट पुन्हा लिहिली. आता ती रात्री सुरू होते. दिवसभराच्या हजार विड्या कारखान्यात देऊन, त्यातल्या किती खराब म्हणून बाजूला काढल्या ते मुकाट्याने ऐकून आलेली बाई, झोपायच्या आधी उद्याची पानं भिजवते. तिचा थकवा मी आधी तीन परिच्छेदांत सांगायला बघत होतो. तो त्या एका ओल्या फडक्यात आला. ‘अप्रतिम’ कोण कोण म्हणालं होतं, आज आठवत नाही. मावशी मात्र माझ्या गोष्टीतल्या बाईशेजारी जाऊन बसल्या होत्या, तिच्या हातांकडे बघत होत्या. एवढं लक्ष माझ्या लिखाणाला त्याआधी कुणी दिलं नव्हतं.

चुका काढणं म्हणजे असं लक्ष देणं नव्हे, हेही सांगतो. घरी तेलुगू बोलणाऱ्या एका मुलाने यंत्रमागावरच्या रात्रपाळीबद्दल लिहून आणलं होतं. दोघांनी त्याचे ‘तो चादर’, ‘ती धागा’ एवढेच मोजले. धागा तुटल्यावर माग थांबतो आणि त्या अचानक शांततेत त्याला आईची आठवण येते, हे त्याने लिहिलं होतं. त्यावर कुणी शब्दही काढला नाही. मला ते ‘छान’पेक्षाही वाईट वाटलं. ज्या गावात मराठी, तेलुगू, कन्नड एकाच रिक्षात ऐकू येतात, तिथे तरी असं होऊ नये.

तुम्ही शाहिरीचा दाखला दिलात, की आपल्याकडे दाद द्यायची रीत आहे, तपासायची नाही. शाहीर राम जोशींच्या सोलापुरात बसून मी याच्याशी सहमत होऊ शकत नाही. कलगी-तुरा म्हणजे शाहिरांच्या दोन फडांचा सामना. त्यात तुरेवाले शिवाला श्रेष्ठ म्हणणार, कलगीवाले शक्तीला, आणि सवाल-जवाब रंगणार. समोरच्याचा सवाल शब्दन्‌शब्द ऐकल्याशिवाय जवाब बांधताच येत नाही. विरोधी फडाइतकं मन लावून शाहिराला कोण ऐकत असेल?

आता आम्ही एक बदल केला आहे. वाचणाऱ्याला आधी विचारतो, ‘तुला कुठे अडल्यासारखं वाटतंय?’ आणि बोलणारा एका वेळी एकच. त्या मुलीला मी निरोप पाठवला आहे. येईल की नाही, तिची मर्जी.

आणि ताई, तुमच्या प्रतिक्रियेत रागाच्या भरात एक वाक्य येऊन गेलं आहे. तुमच्या वडिलांच्या कवितेला एकदा कुणीतरी हसलं, आणि त्यानंतर ते रोज रात्री वही उघडायचे, थोडा वेळ बघायचे आणि मिटून ठेवायचे. मी दोन दिवस त्या वाक्यापाशी अडलो आहे. ती वही अजून तुमच्याकडे आहे का? आणि मिटण्याआधी ते कुठलं पान बघायचे?