बसा की ओ!

आमच्या मामेसासऱ्यांचा बंगला बेळगावच्या कॅम्पात आहे. 1818 साली इंग्रजांनी किल्ला घेतला, पाठोपाठ छावणी आली आणि छावणीच्या मागून हे बंगले. त्यातला एक मामांच्या आजोबांनी कुणा साहेबाकडून सामानासकट विकत घेतला. ते ‘सामानासकट’ आम्हाला भोवतंय.

"बसा की ओ, उभे का?" मामा म्हणाले की माझ्या पोटात गोळा येतो. बसायचं कुठं? सोफ्यात घोड्याचे केस भरलेत. साहेबाची विजार जाड असणार. आमच्या टेरिकॉटमधून एकेक केस जातीनं चौकशी करतो. पियानोपुढच्या स्टुलावर मामींचे सांडग्यांचे डबे.

राहता राहिली वेताची लांब हातांची आरामखुर्ची. हिच्या हातांखाली आणखी एकेक फळी दडलेली असते. ती फिरवून पुढं काढायची आणि वर पाय टाकून पडायचं. रपेटीहून आलेल्या साहेबाला ठीक आहे. जावयानं मामेसासूसमोर दोन्ही तंगड्या अशा फाकून चहा प्यायचा? फळ्या मिटून बसावं, तर वेत खोल गेलेला. गुडघे हनुवटीला आणि नजर थेट मंगलोरी कौलांवर. मामा माझ्याशी बोलतात, मी कौलांशी.

तिथं वर कापडी पंख्याचे हूक अजून आहेत. व्हरांड्यात बसून एक माणूस दोरी ओढायचा म्हणे. उकाड्यासाठी छत उंच बांधलं, आणि बेळगाव अडीच हजार फुटांवर! जूनमध्ये पाऊस लागला की त्या हॉलमध्ये स्वेटर लागतो. शेकायला फायरप्लेस आहे, पण त्यात इन्व्हर्टर ठेवलाय.

पावसात सगळ्या सागवानाला पांढरी बुरशी धरते. मग मामी जुनं धोतर आणि खोबरेल हातात देतात. टेबलाच्या पायांना वाघाचे पंजे कोरलेत. पालथं पडून त्यांच्या बोटांच्या बेचक्या पुसायच्या. साहेबाकडं याला चार नोकर असतील, मामांकडं मी.

शेवटी म्हटलं, "मामा, विकून टाका की हे."

"गिऱ्हाईक आलतं की. पुण्याचं. त्याच खुर्चीत बसलं."

"मग? घेतली?"

"घेतो म्हणाला. आधी उठवा म्हणाला. उठवला, तर परत आला न्हाई."