गंधकाचं काँक्रीट आणि कोकणातला स्लॅब

"गंधकाचं काँक्रीट वापरा. पाणी नको, सिमेंट नको, खाऱ्या हवेत सळई गंजणार नाही, स्लॅब एका दिवसात. मंगळावरही हेच वापरणार आहेत." हा मेसेज सध्या गावागावांतल्या ग्रुपांवर फिरतोय. मे महिन्यात विहिरी तळाला गेल्या की "पाणी नको" हे शब्द कुणालाही गोड लागतात, म्हणून नीट बोलायला हवं.

पाणी लागत नाही, हे खरं. वितळलेला गंधक 130-140 अंशांवर खडी-वाळूत मिसळतात, निवला की दगड. काही तासांत घट्ट होतो, हेही खरं. पण खडी-वाळू ठणठणीत कोरडी आणि तापवलेली लागते. ते गावातल्या मिक्सरचं काम नाही, त्याला डांबराच्या प्लांटसारखी यंत्रणा हवी. शिवाय साधा गंधक निवताना 95 अंशांच्या आसपास स्फटिकाचं रूप बदलतो, आकसतो आणि आतून तडकू लागतो. म्हणून तो आधी पॉलिमर करून, म्हणजे रसायन मिसळून त्याचे कण लांब साखळ्यांत जोडून, सुधारून घ्यावा लागतो.

सळईचा दावा तर उलटाच आहे. सिमेंटचा अल्कलीपणा सळईवर एक पातळ संरक्षक थर राखतो. मीठ तो थर फोडतं, म्हणून आपल्या सज्जांचे पोपडे पडतात. गंधकाच्या काँक्रीटमध्ये हे संरक्षण मुळातच नसतं. कोरडं आहे तोवर ठीक, पण तड्यातून ओल शिरली की गंधकच लोखंड खाऊ लागतो. चार महिने पागोळ्या गळतात त्या घरात ओल अडवणार कशी?

आगीबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. गंधक 119 अंशांच्या आसपास वितळतो. स्वयंपाकघरात आग लागली तर डोक्यावरचा स्लॅब ताकद सोडेल आणि गंधक पेटला तर सल्फर डायऑक्साइडने माणसं घुसमटतील.

मंगळाचं म्हणाल तर 2016 साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथल्यासारख्या मातीत गंधक मिसळून पाहिला, कारण तिथे वाहतं पाणी नाही. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो.

हे काँक्रीट वाईट नाही. आम्ल आणि मीठ ते उत्तम सोसतं. लोटे-परशुरामसारख्या रसायनांच्या कारखान्यांत आम्ल सांडणाऱ्या फरशीला किंवा सळई नसलेल्या ब्लॉकांना ते जरूर वापरावं.

घराच्या सळईला वाचवतं ते कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर. किनाऱ्यावरच्या उघड्या कामाला आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात 45 मिलिमीटर सांगितलंय. आमचा सज्जा फोडला तेव्हा ते 15सुद्धा भरलं नाही. सळईखाली खडीचे तुकडे सरकवले होते. स्लॅब ओतायच्या आदल्या संध्याकाळी पट्टी घेऊन स्वतः वर चढा आणि सळई व खालच्या फळीतलं अंतर मोजा.